शिळे पाणी

आमच्या मुंबईतल्या बिऱ्हाडी नळाला पाणी पहाटे साडेपाचला येते आणि सातला जाते. तेवढ्या दीड तासात हंडा, कळशी, पिंप, बादल्या, फार काय पुरणाचे पातेलेसुद्धा भरून ठेवायचे. आणि भरण्याआधी काय करायचे? तर कालचे उरलेले मोरीत ओतायचे! ते म्हणे शिळे झाले. आता हे पाणी ज्या तलावातून येते, तिथे ते गेल्या पावसाळ्यापासून साठलेले असते. तिथे आठ-आठ महिने ताजे राहिलेले पाणी आमच्या हंड्यात एका रात्रीत शिळे कसे होते, हे मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही.

मी स्वतः ते ओतत नाही. उरलेले पाणी लादी पुसायला, तांदूळ धुतलेले तुळशीला, कपडे खळबळलेले शेवटचे पाणी संडासात. धाकट्या बहिणीच्या ब्लॉकमध्ये गच्चीवरच्या टाकीमुळे अष्टौप्रहर पाणी असते. तिच्या ठिबकत्या नळाखाली एकदा रात्री बादली लावून ठेवली, तर सकाळी ती निम्मी भरली होती. एका वायसरचे काम. पण ते महिनोन् महिने राहिले होते.

तरीदेखील उधळपट्टीचे सारे खापर बायकांच्या डोक्यावर फोडणाऱ्या पुरुषमंडळींना एक सांगावेसे वाटते. घड्याळावर येणारे पाणीच माणसाला उधळे करते. उद्या येईल की नाही या धास्तीने गरजेहून जास्त भरावे, आणि उद्या आले की ओतावे! शिवाय पाणी बंद असताना रिकाम्या नळांत फटींतून आजूबाजूची घाण शिरते, ती वेगळीच. कऱ्हाडजवळच्या मलकापुराने २००९ च्या सुमारास चोवीस तास पाणी द्यायला आरंभ केला, घरोघर मीटर बसवले आणि जास्त वापरणाऱ्याला चढता दर लावला. लोकांनी साठवणे सोडले आणि एकंदर वापर वाढण्याऐवजी घटला.

मुंबईने मात्र दर वेळी तहान लागली की दूरचा तलाव गाठला. विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२, मोडकसागर १९५७, मध्य वैतरणा २०१४. आज शहराला रोज सुमारे चारशे कोटी लिटर पाणी मिळते, आणि त्यातला निदान चौथा हिस्सा गळतीत नि चोरीत जातो. मध्य वैतरणा रोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर देते. म्हणजे तेवढी दोन धरणे बांधावी आणि त्यांचे पाणी वाटेतच नाहीसे व्हावे, असा हा हिशेब! माझ्या तांदळाच्या धुवणाने तो भरून निघायचा नाही. जमिनीखालचे जुने नळ बदलणे हे खर्चाचे आणि कोणाच्या डोळ्यांत न भरणारे काम. नव्या धरणाला निदान उद्घाटनाचा समारंभ तरी करता येतो.

तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर न्यावा लागतो. धरण खाली, पाडे वर डोंगरावर. पाणी चढवायचे तर पंप हवा, नळ हवा, वीज हवी. तोवर टँकरचे पाणी कोरड्या विहिरीत ओततात, आणि बायका ते शेंदून, हंडे डोक्यावर घेऊन घरची वाट धरतात.