संकेतस्थळाला भाड्याची जागा घेताना

पांढुर्णा आणि सौंसर ही नावे आपल्याकडे फारशी कानावर येत नाहीत. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पांढुर्णा लागते आणि नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर सौंसर. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा, कापूस, घरात मराठी आणि कचेरीत हिंदी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भातले मराठी जिल्हे मुंबई राज्यात आले, पण छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याच्याबरोबर हे दोन तालुकेही राहिले. त्याच तारखेला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. म्हणजे नाते जुनेच आहे, फक्त आपल्या शेजारी कन्नड आहे आणि त्यांच्या शेजारी हिंदी.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हे तालुके छिंदवाड्यातून वेगळे होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. जिल्हा नवा झाला की पाट्या बदलतात, शिक्के बदलतात आणि आजच्या काळात संकेतस्थळाचे पत्तेही बदलतात. सरकारी कार्यालयांना त्याची चिंता नसते. देशातल्या बहुतेक जिल्ह्यांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, एका सामाईक व्यवस्थेवर चालतात. चिंता असते ती वाचनालयाला, देवस्थानाला, संत्रा बागायतदारांच्या मंडळाला आणि भजनी मंडळाच्या जुन्या ध्वनिफिती जपणाऱ्या हौशी माणसाला. त्यांना जागा बाजारातून भाड्यानेच घ्यावी लागते. भाडे म्हणा की बाडिगे म्हणा, प्रश्न एकच : कुठली जागा, किती मोठी आणि किल्ली कोणाकडे?

संकेतस्थळ म्हणजे अखेर एका संगणकावर ठेवलेली कागदपत्रे. तो संगणक रात्रंदिवस चालू असतो, त्याला सर्व्हर म्हणतात, आणि त्यावरची जागा भाड्याने देण्याच्या धंद्याला होस्टिंग. सर्वांत स्वस्त ते शेअर्ड होस्टिंग. ही आपली चाळ. शेकडो बिऱ्हाडे एका छपराखाली आणि नळ सामाईक. शेजाऱ्याने पहाटे पिंपे भरायला घेतली की आपल्याकडे धार बारीक होते. त्याच्या वरचे व्हीपीएस म्हणजे इमारतीतला स्वतंत्र ब्लॉक. इमारत एकच, पण आपली टाकी वेगळी. संपूर्ण सर्व्हर एकट्याने घेणे म्हणजे बंगला, आणि तो झाडायचाही आपणच. चौथा प्रकार क्लाउडचा. तो मांडववाल्यासारखा असतो. पाहुणे वाढले की खुर्च्या वाढवायच्या, पाहुणे गेले की परत द्यायच्या आणि वापर झाला तेवढ्याचे पैसे मोजायचे.

यातले काय घ्यावे, हे दुकानदाराच्या जाहिरातीवरून ठरवू नये. आपल्याकडे सर्वांत जास्त गर्दी ज्या दिवशी होते, त्या दिवसावरून ठरवावे. आणि असा दिवस पाहायचा तर पांढुर्ण्यासारखे उदाहरण नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि एका काठावरून पांढुर्ण्याचे, दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. दरवर्षी माणसे जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. प्रशासन बंदीचे आदेश काढते आणि गोटमार होतेच. तिच्याबद्दल माझे मत चांगले नाही, पण तो आजचा विषय नव्हे. त्या एका दिवशी नागपूर, पुणे, भोपाळ इथे नोकरीला गेलेल्या घरच्यांचा जीव खालीवर होत असतो, हे मात्र खरे. झेंडा कोणी नेला, रस्ता कुठे बंद आहे, दवाखान्यात कोणाला नेले, हे सगळ्यांना एकाच वेळी हवे असते.

समजा, तिथल्या एखाद्या मंडळाने ही माहिती देणारे संकेतस्थळ काढले. वर्षातले ३६४ दिवस त्यावर रोज शंभर माणसे येतील. गोटमारीच्या दिवशी दुपारी कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा टाकला आणि एका मिनिटात तीन हजार जणांनी तो उघडला, तर सेकंदाला पन्नास मागण्या झाल्या. एक पान तयार करायला सर्व्हरला अर्धा सेकंद लागत असेल, तर कोणत्याही क्षणी पंचवीस पाने शिजत असणार. स्वस्त योजनांमध्ये एका वेळी किती कामे चालू शकतात याला मर्यादा असते आणि ती पुष्कळदा विसाच्या आसपास असते. तिथेच रांग लागते. रांग लागली की अर्ध्या सेकंदाच्या कामाला दोन सेकंद लागतात, तोवर मागच्यांची संख्या शंभरावर जाते, लोक अधीर होऊन पुन्हा पुन्हा बोट दाबतात आणि सर्व्हर बसतो. जाहिरातीत लिहिलेले ‘अमर्याद’ हे जागेबद्दल असते, या रांगेबद्दल नसते. बारीक अक्षरांत दिलेला तो आकडा विचारून घ्यावा, आणि विक्रेत्याला सांगता आला नाही तर पुढच्या दुकानी जावे.

गर्दीपुढे भले भले बसतात. महाराष्ट्रात १६ जुलै २०२१ रोजी दुपारी १ वाजता दहावीचा निकाल लागला. कोरोनामुळे परीक्षाच झाली नव्हती, निकाल अंतर्गत मूल्यमापनावर होता, त्यामुळे उत्सुकता दुप्पट. सुमारे पावणेसोळा लाख मुले आणि त्यांचे आईबाप एकाच ठोक्याला संकेतस्थळावर गेले आणि ते कित्येक तास उघडेना. पुढे निकाल एकाऐवजी अनेक पत्त्यांवर आणि डिजिलॉकरमध्येही मिळू लागले. गर्दी वाटून टाकली की एका दारावरचा ताण उतरतो, हे आपल्या यात्रांतल्या स्वयंसेवकांना कधीचेच ठाऊक आहे.

पण मोठी जागा घेण्याआधी एक फुकटचा उपाय करून पाहावा. पंगतीला गरम पोळ्या वाढायच्या म्हटल्या तर दहा बायका चुलीशी लागतात. लाडू आदल्या रात्री वळून ठेवलेले असले तर वाढायला एक मुलगाही पुरतो. संकेतस्थळाचेही तसेच आहे. प्रत्येक पाहुण्यासाठी पान नव्याने शिजवण्याऐवजी ते एकदा तयार करून ठेवायचे आणि तेच सगळ्यांना द्यायचे, याला कॅशिंग म्हणतात. गोटमारीची बातमी दर मिनिटाला एकदा तयार केली तरी कोणाचे काही अडत नाही. अशी तयार पाने चाळीतला सर्व्हरही हजारोंना वाढू शकतो. हीच तयार पाने वेगवेगळ्या शहरांतल्या साठ्यांत ठेवण्याची सोय असते, तिला सीडीएन म्हणतात, आणि लहान संस्थांना ती काही ठिकाणी विनामूल्य मिळते. मराठी आणि कन्नड विकिपीडिया ही दोन्ही भावंडे २००३ सालची. त्यांचे मूळ सर्व्हर अमेरिकेत आहेत, पण २०१८ साली सिंगापूरला साठ्याचे केंद्र सुरू झाले आणि आशियातल्या वाचकाला पान जवळून मिळू लागले. आपण जागा घेताना सर्व्हर मुंबईत आहे की अमेरिकेत, हे विचारण्याचे कारणही तेच. अंतर प्रकाशाच्या वेगालाही पार करावे लागते.

दुसरा उपाय छायाचित्रांचा. हल्लीच्या मोबाइलवर काढलेला फोटो सहज चार एमबी भरतो. असे वीस फोटो एका पानावर टाकले की ८० एमबी झाले आणि तीन हजार माणसांनी ते पाहिले की २४० जीबी माल सर्व्हरमधून बाहेर गेला. तेच फोटो दीडशे केबीपर्यंत लहान केले तर सगळे मिळून नऊ जीबी लागतात, आणि मोबाइलच्या पडद्यावर कोणाला फरक दिसत नाही. इतके साधे काम न करता महागडी योजना घेणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. चित्रफिती तर आपल्या जागेत ठेवूच नयेत, यूट्यूबवर ठेवून पानावर दुवा द्यावा.

आता आपल्या लिपीबद्दल, कारण तिथे इंग्रजी पुस्तके गप्प बसतात. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरी वा कन्नड चिन्हाला तीन. काना, मात्रा, अनुस्वार हे सुटे मोजले जातात. ‘पांढुर्णा’ या शब्दात अशी नऊ चिन्हे आहेत, म्हणजे २७ बाइट. रोमन लिपीत तेच नाव नऊ बाइटांत बसते. याने घाबरू नये. मजकूर पाठवताना दाबून लहान केला जातो, आणि अख्खी कादंबरी एका फोटोएवढी जागाही घेत नाही. खरी भीती जागा बदलताना असते. जुन्या जागेतला माहितीसाठा नव्या जागेत हलवताना यूटीएफ-८ ची खूण चुकली की सगळ्या मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ उमटते. ती पुन्हा अक्षरांत आणता येत नाही, मूळ प्रत असेल तर तिच्यावरूनच सुरुवात करावी लागते. इंग्रजी मजकूर मात्र शाबूत राहतो, त्यामुळे काम करणाऱ्या परक्या माणसाला काही बिघडले आहे हे कळतच नाही. म्हणून जागा घेण्याआधी चाचणी म्हणून एक पान मराठीत, एक कन्नडमध्ये टाकून, त्याची प्रत उतरवून, पुन्हा चढवून पाहावी. ‘र्‍या’ आणि ‘ऱ्हा’ नीट दिसले आणि कन्नडचे ओत्तक्षर जागेवर राहिले तर पुढे बोलावे.

सीमेवरच्या माणसांसाठी हे अगत्याचे आहे. आपल्या घरांत अज्जी कन्नडमध्ये गोष्ट सांगते आणि आत्या मराठीत ओव्या म्हणते. पांढुर्ण्याकडे तीच गोष्ट मराठी-हिंदीची. अशा मिश्र घरांचा लेखी ऐवज विद्यापीठांत थोडाच सापडतो. कोणीतरी हौसेने टंकून संकेतस्थळावर ठेवतो आणि तीच त्याची एकुलती प्रत असते. १९९४ साली सुरू झालेले जिओसिटीज लोकांना फुकट जागा देत असे. १९९९ मध्ये ते याहूने घेतले आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केले. जगभरच्या लोकांची लक्षावधी पाने गेली. काही स्वयंसेवकांनी जमेल तेवढी उतरवून घेतली, म्हणून थोडी वाचली. पैसे भरून घेतलेली जागाही निर्धोक असते असे नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग शहरात ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या सर्व्हर-केंद्राला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांची राखीव प्रत दुसऱ्या शहरात होती ते काही दिवसांत पुन्हा उभे राहिले. राखीव प्रतही त्याच आवारात ठेवलेल्यांचे दोन्ही गेले. ‘रोज बॅकअप घेतो’ असे विक्रेता सांगतो तेव्हा तो कुठे ठेवता, किती दिवसांचा ठेवता आणि मला उतरवून घेता येतो का, हे तिन्ही प्रश्न विचारावेत. शिवाय महिन्यातून एकदा आपल्या घरच्या डिस्कवर एक प्रत घ्यावीच.

पैशांचे थोडक्यात सांगतो. पहिल्या वर्षीचा दर आमिषाचा असतो, नूतनीकरणाचा दर त्याच्या दुप्पट-तिप्पटही निघतो, आणि वर १८ टक्के जीएसटी. तेव्हा हिशेब तीन वर्षांचा मांडावा. संकेतस्थळाचे नाव, म्हणजे डोमेन, संस्थेच्याच नावावर नोंदवावे. ते बनवून देणाऱ्या मुलाच्या नावावर राहिले आणि मुलगा बंगळूरला नोकरीला गेला की संस्थेचे घर त्याच्या खिशात जाते. अशी प्रकरणे आपल्या भागातही कमी नाहीत. देवनागरीतले ‘.भारत’ हे नाव २०१४ पासून मिळते. हौस म्हणून ते जरूर घ्यावे, पण जोडीला ‘.इन’ असू द्यावे, कारण पुष्कळ ठिकाणचे अर्ज देवनागरीतला ई-मेल पत्ता स्वीकारत नाहीत.

वर सांगितलेल्या गोटमारीच्या संकेतस्थळाला मग काय घ्यावे? माझ्या मते वर्षभर चाळीतली साधी खोली, सर्व्हर मुंबईतला, तयार पानांची सोय चालू आणि पुढे सीडीएन. पोळ्याच्या महिन्यापुरते व्हीपीएसवर जाता येईल अशी योजना असेल तर उत्तम, बंगला घेण्याचे कारण नाही. सौंसरजवळच्या जामसावळीच्या हनुमान देवस्थानासारख्या ठिकाणी मात्र गणित वेगळे. तिथे शनिवार-मंगळवारी गर्दी होते आणि हनुमान जयंतीला ती उसळते. ज्या संकेतस्थळावर अशी दर आठवड्याची वर्दळ असेल आणि त्यातच देणगी किंवा निवासाची नोंदणी चालत असेल, तिथे प्रत्येकाचे पान वेगळे असते. तयार लाडू चालत नाहीत, पोळी गरमच वाढावी लागते. अशा ठिकाणी पहिल्या दिवसापासून स्वतंत्र ब्लॉक घ्यावा.

जागा बदलायची असेल तर ती पोळ्याच्या तोंडावर बदलू नये. नव्या जागेचा पत्ता सगळीकडे पोचायला काही तास, कधी दोन दिवसही लागतात, आणि तेवढ्या काळात निम्मी माणसे जुन्या दारी जातात. म्हणून जुन्या जागेचे भाडे एक महिना जास्त भरावे आणि दोन्ही दारे उघडी ठेवावीत. संत्र्याचा बहार नसताना, शाळांचे निकाल लागून गेल्यावर, एखाद्या मोकळ्या रविवारी रात्री सामान हलवावे आणि सोमवारी सकाळी सर्वांत आधी ते मराठी पान उघडून ‘र्‍या’ पाहावा.