आवड तेथे सवड : लेव्हिनचा छायाचित्रकार शेतकरी

छंदाची गोष्ट निघाली की एकच उत्तर ऐकू येते : वेळ कोठे आहे? सकाळी कामावर जायचे, संध्याकाळी थकून परतायचे, रविवारी बाजार, घरची कामे, नाहीतर कोणाचे तरी लग्नकार्य. हे खरे आहे, आणि कष्टकरी माणसाला त्याबद्दल कोणी दोष देऊ नये. पण आज आम्ही न्यूझीलंडमधील अशा एका शेतकऱ्याची ओळख करून देणार आहोत, की ज्यालाही रिकामा वेळ फारसा नव्हता. तरीही त्याने कॅमेरा खाली ठेवला नाही.

त्याचे नाव लेस्ली ॲडकिन. जन्म १८८८, मृत्यू १९६४. वेलिंग्टनच्या उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवर लेव्हिन नावाचे गाव आहे. तेथे ‘चेस्लिन राइज’ या घरच्या शेतीवर त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे काढली. शेतीला सुट्टी नसते हे उसाच्या मळ्यात राबलेल्या आपल्या घराण्यांना सांगायला नको. गुरांना रविवार कळत नाही आणि गवत सुकायला लागले की पाऊस येण्यापूर्वी ते रचावेच लागते.

मग त्याने छायाचित्रणाला वेळ कोठून आणला? आमच्या मते उत्तर सोपे आहे. त्याने छंद कामापासून वेगळा ठेवलाच नाही. जे रोज डोळ्यांसमोर होते तेच त्याने टिपले : गवताची कापणी, शेतातील माणसे, घरातील मंडळी, नद्या आणि पाठीमागचे तारारुआ डोंगर. १९१५ मध्ये त्याचा मॉड हर्डशी विवाह झाला. पुढे पत्नी आणि मुले हाच त्याच्या चित्रांचा मोठा विषय झाला. पुष्कळांचा छंद त्यांना घरापासून दूर नेतो. याच्या छंदाने घरच चित्रात आणले.

डोंगरात जायची सवड मिळाली की कॅमेरा बरोबर असेच. त्या भटकंतीतून त्याने तारारुआ पर्वतात एके काळी हिमनद्या होत्या याच्या खुणा शोधल्या आणि त्यावरचा त्याचा लेख १९१२ मध्ये न्यूझीलंडच्या विज्ञानसंस्थेच्या ग्रंथात छापून आला. लेखक कोण, तर एक तरुण शेतकरी! १९२४ मध्ये सुरू झालेल्या मंगाहाओ जलविद्युत योजनेचे बांधकामही त्याने टिपले. होरोफेनुआ भागातील माओरी स्थळनामांवरचा त्याचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे यंत्राचीही थोडी माहिती द्यायला हवी. १८५०च्या दशकात काचेवर ओले रसायन चढवून चित्र घेत. ती काच वाळण्यापूर्वी, म्हणजे काही मिनिटांतच, सगळे उरकावे लागे. अंधारखोली अक्षरशः बरोबर न्यावी लागे. तरीसुद्धा त्या काळात मुंबईत डॉ. नारायण दाजी यांनी वैद्यकी सांभाळून छायाचित्रे काढली. हे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीत ते होते. त्याच दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च नगरात डॉ. आल्फ्रेड बार्कर यांनीही हाच उद्योग आरंभला. पुढे कोरड्या काचा निघाल्या. त्या आधी तयार असत आणि चित्र घेतल्यावर सवडीने धुता येत. चित्र दुपारी, धुणे रात्री, अशी कामाची वाटणी झाली. कामकरी माणसासाठी छायाचित्रणाचे दार खऱ्या अर्थाने येथे उघडले. ॲडकिन या कोरड्या काचांच्या काळातला.

आणखी एक गोष्ट त्याच्याकडून घेण्यासारखी आहे. तो वर्षानुवर्षे रोजनिशी लिहीत असे. त्यामुळे चित्रातील माणूस कोण, जागा कोणती, दिवस कोणता, हे आजही पुष्कळदा सांगता येते. १९६४ मध्ये त्याच्या कुटुंबाकडून आलेली छायाचित्रे आता वेलिंग्टनच्या ‘ते पापा’ या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

आता आपल्याकडे वळू. आपल्या बेटावर आलेल्या मजुरांची छायाचित्रे १८६०च्या दशकापासून काढली गेली, पण ती कशासाठी? ओळखपत्रावर चिकटवण्यासाठी. ती मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात आहेत. कोणाचा पणजोबा त्यांत सापडला तर डोळे भरून येतात. पण त्या चित्रात तो हसत नाही, त्याच्या शेजारी पणजी नाही, अंगणातले तुळशीवृंदावन नाही. ते चित्र सरकारने आपल्या कामासाठी काढले होते. घरच्या माणसाने प्रेमाने काढलेले चित्र त्या पिढीच्या वाट्याला क्वचितच आले.

आज ती अडचण उरलेली नाही. खिशातल्या फोनमध्ये कॅमेरा आहे. चित्रे हजारोंनी निघतात, पण त्यांतील कित्येकांवर ना नाव असते, ना गाव. पन्नास वर्षांनी नातवंडे विचारतील, ‘ही आजी कोण?’, आणि सांगणारे कोणी नसेल.

म्हणून आमचे एवढेच सांगणे आहे. आठवड्यातून अर्धा तास काढा. आठवड्याचे एकच चित्र निवडा : कारखान्यातला सोबती, झाकरीचा फेर, गणपतीची मूर्ती घडवणारे हात, पुरणपोळी लाटणारी आई. ते छापून घ्या आणि मागे पेन्सिलीने नाव, गाव व तारीख लिहा. वर्षाला बावन्न चित्रे होतील. दहा वर्षांत एका घराण्याचा इतिहास उभा राहील, आणि त्यासाठी कोणाला कामावर रजा टाकावी लागणार नाही.