परसांतील पिलांचा आहार

परसांत चार कोंबड्या असाव्यात अशी हौस शहरांतील पुष्कळ घरांत उपजते. एके दिवशीं खोक्यांतून पिलें घरीं येतात, मुलें टाळ्या पिटतात, आणि गृहिणीपुढें पहिला प्रश्न उभा राहतो : यांना खावयास काय घालावयाचें? उत्तर बहुधा स्वयंपाकघरांतच शोधलें जातें. तांदळाच्या कण्या, उरलेला भात, फार तर भिजविलेली पोळी. महिना लोटतो न लोटतो तोंच एखादें पिलूं पाय मुडपून बसतें, आणि दोष मात्र हवेला किंवा दृष्टीला दिला जातो.

केवळ भातानें काय होतें याचा पुरावा कोंबड्यांनींच शास्त्राला पुरविलेला आहे. १८९० नंतरच्या दशकांत जावा बेटांतील बटाव्हिया येथें ख्रिस्तियान आयकमान हे डच वैद्य बेरीबेरीचें कारण शोधीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्यांचे पाय लुळे पडूं लागले. जंतु कांहीं सांपडेनात. अखेरीस उमगलें तें असें, कीं लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यांतला सडीक तांदळाचा उरलेला भात त्यांना घातला जात होता. नव्या स्वयंपाक्यानें लष्कराचा भात असल्या बिनलष्करी कोंबड्यांना देण्याचें नाकारलें; त्यांना असडीक तांदूळ मिळूं लागला, आणि त्या बऱ्या झाल्या! कोंड्याबरोबर आपण जें टाकून देतों त्यांत ब१ जीवनसत्त्व असतें, हें पुढें उलगडलें. १९२९ सालीं आयकमान यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. कोंबड्यांना अर्थातच नाहीं.

जीवनसत्त्वांइतकीच निकड प्रथिनांची. अंड्यांसाठीं वाढवावयाच्या पिलांच्या खाद्यांत पहिले आठ आठवडे शेंकडा वीसच्या आसपास प्रथिनें असावीं लागतात. तांदळांत तीं शेंकडा सात-आठच असतात, मक्यांत थोडीं अधिक. म्हणून धान्याच्या भरड्यांत सोयाबीनची पेंड, मासळीची कुटी, क्षार व जीवनसत्त्वें मिसळावीं लागतात. हें मिश्रण घरीं जुळविण्याचा उत्साह मीं तरी कोणाला सुचविणार नाहीं. ‘चिक स्टार्टर’ या नांवानें तें तयार मिळतें आणि आठ आठवड्यांत एका पिलास दोनएक किलो पुरतें. त्यानंतर प्रथिनें कमी असलेलें ‘ग्रोअर’ खाद्य द्यावें. मात्र हा पालट एका दिवसांत न करितां आठवडाभर दोन्हीं मिसळून करावा.

येथें एक चूक वारंवार घडते, आणि ती घडते काटकसरीपायीं. घरांत मोठ्या कोंबड्यांसाठीं ‘लेअर’ खाद्याचें पोतें असतेंच. मग पिलांना वेगळें कशाला? अंड्याचें कवच बनण्यासाठीं त्या खाद्यांत कॅल्शियम शेंकडा तीनहून अधिक घातलेलें असतें. पिलांना शेंकडा एक पुरे होतें. जास्तीचा भार त्यांच्या कोंवळ्या मूत्रपिंडांना सोसवत नाहीं. तीं निकामी होऊं लागलीं म्हणजे आंतड्यांवर व हृदयावर खडूसारखा पांढरा थर सांचतो, आणि वरून धडधाकट दिसणारें पिलूं दगावतें. यास्तव पहिलें अंडें दिसण्याच्या सुमारापर्यंत तें पोतें दूर ठेवावें. मांसासाठींच्या ‘ब्रॉयलर’ खाद्यानें असा घात होत नाहीं, परंतु अंड्यांच्या जातीला तें अकारण लठ्ठ करतें.

खाद्य निवडलें तरी तें टिकलें पाहिजे. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी कांहीं महिन्यांत मेले. ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडींत बुरशीचें विष निघालें. त्यालाच आज अफ्लाटॉक्सिन म्हणतात. तें यकृत पोखरतें, आणि उन्हांत वाळवून वा शिजवून जात नाहीं. आपल्याकडे पावसाळ्यांत पोतें भिंतीला टेकून जमिनीवर ठेवण्याची रीत आहे, ती मोडावी. दोन-तीन आठवड्यांपुरतेंच खाद्य आणून फळीवर ठेवावें. कुबट वास आला तर तें गाईलाहि घालूं नये, कारण विष दुधांत उतरतें.

कण्या, कोथिंबिरीच्या काड्या हीं मौजेखातर चिमूटभर चालतील. परंतु दाणा वा पाला दिला कीं बारीक वाळूचे खडे जवळ हवेतच. कोंबडीला दांत नसतात, तें काम पोटांतील जाड मांसल पिशवी त्या खड्यांच्या साहाय्यानें करते. केवळ दळलेलें खाद्य देणाऱ्यास ही यातायात नको. पाणी मात्र खाद्याच्या सुमारें दुप्पट लागतें, आणि भांडें उथळ असावें, नाहीं तर पहिल्या आठवड्यांतलीं पिलें त्यांतच बुडतात.