अंगणातली फुगडी आणि तांब्याचं कोडं

यंदा गणपतीला गुंदला गेलो होतो. पुतणी सेकंड पीयूसीला आहे. तिला फिजिक्स घेऊन बीएस्सी करायचंय. दादाला वाटतं, काकासारखं बीई करावं.

संध्याकाळी पाऊस आला आणि लाईट गेली. "सुपा धरण आपल्याच तालुक्यात, तरी अंधार!" ती वैतागली. म्हटलं, तारेवर झाड पडलं असेल. तसंही तारेतून येताना थोडी वीज उष्णता होऊन वाया जातेच.

"वाया न घालवणारी तार नाही का?"

आहे. उणे २६९ अंशांपर्यंत थंड केलेल्या पाऱ्यातून वीज अजिबात विरोध न होता वाहते, हे १९११ मध्येच दिसलं. हीच अतिसंवाहकता. तिचं कारण १९५७ मध्ये कळलं: अणूंच्या कंपनांमुळे इलेक्ट्रॉनच्या जोड्या जमतात आणि त्या बिनअडथळा वाहतात. १९८६ मध्ये बेडनोर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडमध्ये हा गुण बऱ्याच वरच्या तापमानाला सापडला. वर्षभरात मजल उणे १८० अंशांवर गेली. जुनं कारण इथे पुरेना.

१९८७ मध्ये प्रिन्स्टनच्या फिलिप अँडरसन यांनी वेगळी कल्पना मांडली. आपले गणपती बास्करन त्यांच्यासोबत त्यावर काम करत होते. मी ती पुतणीला फुगडीवरून सांगितली. अंगण बायकांनी गच्च भरलंय. शेजारणी हात धरून जोड्या करतात, जोडीदार बदलतात, पण जागेवरून हलता येत नाही. चारजणी निघून गेल्या की जागा होते आणि जोड्या अंगणभर फिरू लागतात. तसंच, काही इलेक्ट्रॉन काढले की आधीच जमलेल्या जोड्या वाहू लागतात.

२००१ मध्ये मुंबईच्या टीआयएफआरमधल्या परमेकांती, रँदेरिया आणि त्रिवेदी यांनी याच वाटेने संगणकावर गणितं केली. प्रयोगांत दिसलेल्या बऱ्याच गोष्टी त्यांतून जुळल्या. तरी सगळ्यांना पटलेलं नाही. काहींच्या मते जोड्या जमवतात त्या चुंबकीय हालचाली.

"म्हणजे चाळीस वर्षांत उत्तरच नाही?" तिचे डोळे चमकले. मी मात्र गप्प झालो. माझ्या कामात प्रोग्राम चालला की पुरे. का चालला, हे विचारायला सवड नसते. बीईसुद्धा मी 'स्कोप आहे' म्हणूनच केलं.

रात्री दादाला म्हटलं, "तिला 'का' विचारू दे."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं, अर्ज दोन्हीकडे भरू."