१८१ अर्जांत मुलगी एकही नव्हती, हाक बदलली अन् शंभरावर आल्या

नांदेड/लातूर : मोबाईलवर व्हिडिओ बघायला व्हीएलसी वापरता? नेटसाठी फायरफॉक्स? ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. त्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो. कुणीही तो वाचावा, सुधारावा, पुढे वाटावा. जगभरातले लोक आपापल्या घरी बसून हे काम करतात, आपल्याकडच्या इर्जिकीसारखं. फरक एवढाच, की या इर्जिकीत बायका फार कमी दिसतात.

२००६ साली ग्नोम नावाच्या प्रकल्पाला गूगलच्या उन्हाळी योजनेसाठी १८१ अर्ज आले. लिनक्स संगणकावर आपल्याला जो पडदा अन् मेनू दिसतो, तो हे लोक बनवतात. त्या १८१ मध्ये मुलगी एकही नाही. 'मुलींना आवडच नसते' म्हणून विषय संपवता आला असता. त्यांनी तशीच दुसरी योजना फक्त महिलांसाठी काढली. जाहिरातीत चढाओढीपेक्षा शिकायला मिळेल, शिकवायला माणूस मिळेल यावर भर दिला. शंभरावर अर्ज आले, तेही चांगल्या तयारीचे. सहा जणींना काम मिळालं. मुली आधीपासून होत्याच, त्यांना कुणी नीट बोलावलं नव्हतं.

त्यातूनच पुढे आउटरीची ही योजना उभी राहिली. तीन महिने घरबसल्या काम, सोबत मार्गदर्शक, अन् मानधन ७,००० डॉलर, म्हणजे सहा लाख रुपयांच्या घरात. वय १८ पूर्ण पाहिजे. पदवी लागत नाही. आधी प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग काही आठवडे प्रकल्पात प्रत्यक्ष काम करून दाखवायचं, त्यावरून निवड. कोडिंगच पाहिजे असं नाही, माहिती लिहिण्याची अन् डिझाइनची कामंही असतात. कॉलेज पूर्णवेळ चालू असेल तर मात्र अर्ज बाद होऊ शकतो, म्हणून परीक्षा-सुट्टीच्या तारखा आधी जुळवून बघाव्यात.

नांदेडच्या एसजीजीएस अभियांत्रिकीत, मराठवाडा विद्यापीठात, लातूरच्या कॉलेजांत संगणक शिकणाऱ्या मुली आहेतच. अडचण वेगळीच असते. अंधार पडायच्या आत घरी यायचं, घरातला लॅपटॉप भावाकडे, अन् इंग्रजीत प्रश्न चुकला तर चारचौघं हसतील ही धास्ती. यातली पहिली दोन कामं घरच्यांच्या हातातली आहेत, त्याला अमेरिकेची योजना लागत नाही.

लॅपटॉप नसला तरी सुरुवात मोबाईलवर होते. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर मराठी आहे. समोर आलेलं वाक्य वाचायचं, रेकॉर्ड करायचं, दुसऱ्याचं ऐकून बरोबर-चूक सांगायचं. याचे पैसे मिळत नाहीत. पण बोलून टाइप करणारी यंत्रं अशाच आवाजांवर शिकतात. त्यात औसा-मुखेडकडच्या बायकांचा आवाजच नसेल, तर उद्या आपल्या आईचं बोलणं त्या यंत्राला कसं कळायचं?

आणि एक. यातल्या कशालाच फी नाही. 'नोंदणीचे पैसे भरा' असा फोन आला, तर तो सरळ ठेवून द्या.