तालुक्याच्या गावचा पेंटर

कोल्हापूरच्या कलापरंपरेचा आढावा म्हटला, की आबालाल रहिमानांपासून निघावे, आनंदराव व बाबूराव पेंटरांपाशी विसावा घ्यावा आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी, १९२० सालचा ‘सैरंध्री’, जी. कांबळे यांची पोस्टरे, या ठरलेल्या मुक्कामांवरून पुढे सरकावे, असा प्रघात पडला आहे. ती वाट वाचकांच्या पायाखालची असल्यामुळे तिची उजळणी येथे करीत नाही. बाबूराव मूळचे मिस्त्री. धंद्याचे नाव त्यांना आडनाव म्हणून चिकटले. तालुक्यातालुक्यांतून तर पेंटरचे खरे आडनाव पोस्टमनलाही आठवू नये, अशी स्थिती असे.

या पेंटरांचे कर्तृत्व केवळ पोस्टरांत आणि नाटकाच्या पडद्यांत शोधणाऱ्या शहरी समीक्षकांशी आमचे भांडण जुने आहे. देवादिकांची चित्रे चौकोन आखून वाढविणे हा त्यांच्या चरितार्थाचा भाग होता, हे खरे. परंतु त्यांची प्रज्ञा प्रकट होई ती अक्षरांत. नाटकांच्या जाहिरातींतील कमल शेडगे यांच्या अक्षरांचे किंवा र. कृ. जोशी यांच्या सुलेखनाचे आपण यथोचित कौतुक केले. पण त्याच देवनागरीशी पत्र्याच्या पाटीवर आयुष्यभर झुंजणाऱ्याची दखल कोणत्या दप्तरात आहे?

आमच्या गावच्या पेंटरांचे काम पाहण्यात शाळकरी वयातील कितीतरी दुपारी गेल्या. खडू लावलेली दोरी पत्र्यावर ताणून टणकन सोडायची, उमटलेल्या रेघेला अक्षरे कोळशाने हलकी टांगून पाहायची, आणि मगच इनॅमलचा डबा उघडायचा, हा त्यांचा दस्तूर. “आधी डोक्यावरची जागा राख, बाळ,” असे ते म्हणत. ‘विद्यार्थ्यांसाठी’ हा एक शब्द घ्या: वेलांट्या, काना, रफार, अनुस्वार यांची शिरोरेषेवर दाटी, आणि वरच्या ओळीतून उकार खाली लोंबलेला. नवशिक्याचा रफार वरच्या उकारावर जाऊन आदळे. पेंटरांच्या पाटीवर दोघांनाही मोकळी जागा मिळे. एकच मजकूर अनेकदा लिहावयाचा असला, तर कागदावरील अक्षरांच्या कडेने टाचणीने छिद्रे पाडून त्यांवर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी थापीत.

याच अक्षरांनी त्यांनी गावाची सेवा केली, आणि तीही बिदागीचा विचार न करता. वाचनालयाच्या वृत्तफलकावर रोज सकाळी बातम्या लिहिणे, गणेशमंडळाच्या देखाव्याखालची ओळ रंगविणे, जयंतीच्या मिरवणुकीचे कापडी फलक रात्रभर जागून पुरे करणे, ही कामे त्यांच्याकडे न सांगता येत. आणि वर्गणीची पावती तरीही त्यांच्या नावाने फाटे! देवीच्या निर्मूलनाच्या अखेरच्या पर्वात, १९७५ साली, रोगी कळविणारास सरकारने १००० रुपयांचे इनाम जाहीर केले, तेव्हा ही वार्ता खेड्यापाड्यांतील भिंतींवर चढली ती अशाच निनावी हातांनी. सरकारी मोहिमांच्या इतिहासात डॉक्टर असतात, लस असते. भिंत रंगविणारा नसतो.

निवडणुका हा त्यांचा सुगीचा हंगाम होता. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या कारकीर्दीत आयोगाने प्रचारासाठी भिंती रंगविण्यावर कडक निर्बंध घातले आणि रंगविलेल्या भिंती ओस पडल्या. भिंतमालकांच्या दृष्टीने ते योग्यच झाले असेल. पेंटरांचे उत्पन्न मात्र बुडाले. उरलेसुरले काम पुढे फ्लेक्सने नेले. फ्लेक्स स्वस्त व तत्पर आहे, हे मान्य. पण त्यावरील पुढाऱ्यांचे चेहरे मोठे आणि अक्षरे बोबडी असतात. आमच्या गावी नव्या फलकावर ‘सार्वजनीक’ वाचनालय अवतरले, तेव्हा आम्ही कार्यवाहांकडे तक्रार गुदरली. नवा फलक मंजूर होण्यास एक वर्ष लागेल, असे उत्तर मिळाले. पेंटरांनी ती दीर्घ वेलांटी तासाभरात पुसून दिली असती, आणि चहाखेरीज काही घेतले नसते.