ज्वारीचे माळावरचे भाऊबंद

दिवाळीनंतर माळावरून चालून आलं की धोतराच्या काठाला, सॉक्सला, सलवारीला कुसळं टोचून बसलेली असतात. ती उपटताना शिव्या घालायची आपली जुनी रीत. यंदा त्यातलं एखादं कुसळ शेपटीसकट अखंड काढा, तळहातावर ठेवा आणि वर पाण्याचे दोन थेंब सोडा. थोड्याच वेळात ते वळवळू लागेल. शेपटीचा पीळ सुटत जाईल आणि वाकलेला शेंडा सावकाश गोल फिरेल. उन्हात वाळू दिलंत की पीळ परत भरायला लागेल.

ही शेपटी मेलेली आहे. तिच्यात जिवंत पेशी उरलेल्या नाहीत, आहेत त्या नुसत्या पेशीभित्ती. त्या भित्तींतले सेल्युलोजचे धागे मळसूत्रासारखे तिरके गुंडाळलेले असतात. ओल लागली की भित्ती फुगतात, पण धाग्यांच्या दिशेला फुगता येत नाही, म्हणून सगळी शेपटी फिरते. बियाचं टोक सुईसारखं आणि त्यावरचे ताठ केस मागे वळलेले. त्यामुळे फिरताना बी आत सरकतं, मागे येत नाही. रात्री दव, दिवसा ऊन. एकेका पिळासरशी बी गिरमिटासारखं मातीत उतरतं. उन्हाळ्यात माळाला वणवा लागतो तेव्हा वरचं पान जळतं आणि बी जमिनीत सुखरूप असतं. डार्विनचा मुलगा फ्रान्सिस यानं १८७६ मध्ये युरोपातल्या दुसऱ्या एका गवताच्या बियांत हीच करामत नीट तपासून लिहून ठेवली. आपल्या कुसळीकडे, म्हणजे हे कुसळ धरणाऱ्या गवताकडे, मात्र आपण मेंढ्यांच्या लोकरीतली कटकट म्हणूनच पाहत आलो.

जगात गवतांच्या अकरा हजारांहून जास्त जाती आहेत. त्यातल्या आपल्या ओळखीच्या किती, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर दूर्वेपाशी सुरू होऊन गवती चहापाशी संपतं. खरं म्हणजे ज्याला ज्वारीचं कणीस ठाऊक आहे, त्याला अर्धा माळ आधीच ठाऊक असतो. त्याला ते कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

आधी गवत कोणतं आणि गवताचं सोंग कोणतं, ते बघू. शेतातला लव्हाळा गवतात मोडत नाही. त्याचा फुलोऱ्याचा दांडा दोन बोटांत धरून फिरवला तर तीन कडा लागतात. गवताची काडी गोल किंवा थोडी चपटी असते, तिला पेरं असतात आणि दोन पेरांमधला भाग बहुधा पोकळ असतो. (ऊस आणि ज्वारी भरीव, पण ती मंडळी श्रीमंत घरची.) गवताच्या पानाचा खालचा भाग काडीला म्यानासारखा लपेटलेला असतो. पान जिथे काडीपासून सुटतं, तिथे ते हळूच मागे ओढून पाहा. आत एक पातळ पापुद्रा किंवा केसांची झालर दिसते. फुलोरा आलेला नसताना गवत ओळखायचं तर अभ्यासक आधी या जागी भिंग लावतात.

आता ज्वारीचं फुलावर आलेलं कणीस घ्या आणि त्याचा एक लहान तुरा सोडवा. दाण्याची कणिशकं जोडीनं बसलेली दिसतील. एक थेट दांडीला चिकटलेलं, त्यात दाणा धरतो. दुसरं बारीक देठावर उभं, बहुधा नर किंवा वांझ. ही जोडी डोळ्यांत साठवून माळावर जा. कुसळीत तीच जोडी आहे. पवन्या, मारवेल, वाळा आणि रोशा या गवतांतही तीच. उसाचा तुरा बघितलात तर तिथेही जोडीच. हे सगळं एकच कूळ आहे, आणि मकाही त्यातलाच. डोंगरी गवत मात्र थोडं वेगळं वागतं. त्याच्या तुऱ्याच्या बारीक फांद्यांच्या टोकांना तीन-तीन कणिशकं असतात, एक बसकं आणि दोन देठवाली, बुडाशी सोनेरी-तांबूस केसांचा झुबका. मारवेल ओळखायला तर फुलोराही लागत नाही. त्याच्या पेरांभोवती पांढऱ्या केसांचं कडं असतं. रोशाला डोळेही लागत नाहीत, पान चुरगळलं की पुरे. खानदेश-निमाडकडच्या या गवताचं तेल एके काळी मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळलं जाई.

हरळीचं घराणं दुसरं. तिच्या काडीच्या टोकाला बोटांसारखे चार-पाच तुरे पसरलेले असतात. नाचणीचं कणीस आठवा, तीच बोटं, फक्त गुबगुबीत आणि आत वळलेली. गणपतीला वाहिलेली दूर्वा म्हणजेच शेतकऱ्याला हैराण करणारी हरळी, आणि कोकणातल्या भाकरीची नाचणी ही तिची जवळची नातलग. अंजन गवताचं मऊ, केसाळ कणीस पाहून बाजरी आठवत असेल तर तेही बरोबरच आहे.

हे नातं लावत बसणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले स्विस जेझुइट पाद्री एथेलबर्ट ब्लॅटर यांनी चार्ल्स मॅकॅन यांच्यासह लिहिलेलं ‘द बॉम्बे ग्रासेस’ हे पुस्तक १९३५ मध्ये आलं. ब्लॅटर त्याआधीच वारले होते. त्यांच्याच काळात गवतांवर काम केलेल्या रा. के. भिडे यांचं नाव गवताच्या एका अख्ख्या प्रजातीला आहे, भिडिया. सह्याद्रीच्या सड्यांवर जगात इतरत्र कुठेही न सापडणारी गवतं उगवतात. वीतभर उंचीची, पावसाळ्यापुरती, जांभ्यावरच्या बोटभर मातीत. फुलांचे फोटो काढायला आलेली गर्दी त्यांच्यावर पाय देऊन पुढे जाते.

गवताचं वय किती? फार वर्षं असं मानलं जाई की डायनोसॉर गेले आणि मग कधीतरी गवत आलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्यानं हे मोडीत काढलं. तिथे डायनोसॉरांची दगड झालेली विष्ठा सापडते. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी यांनी ती भिंगाखाली घातली आणि २००५ मध्ये ‘सायन्स’ मासिकात निष्कर्ष मांडले. गवत जमिनीतून सिलिका शोषून पेशींमध्ये साठवतं. हे काचेसारखे कण पान कुजलं तरी उरतात, आणि त्यांच्या आकारावरून गवताचा गट सांगता येतो. पिसदुऱ्याच्या विष्ठेत असे निदान पाच प्रकार निघाले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी विदर्भात डायनोसॉर गवत खात होते, आणि तेव्हाच गवताची घराणी वेगळी झालेली होती! त्यातले काही कण भाताच्या नातलगांचे आहेत, असं पुढे २०११ मध्ये मांडलं गेलं.

इतका काळ खाल्लं जाऊनही गवत टिकलं, कारण त्यानं वाढीची जागा दातांच्या खाली ठेवली. झाडाचा शेंडा खुडला की तिथली वाढ थांबते. गवताचं पान बुडापासून वर ढकललं जातं, त्यामुळे गाईनं वरचं तोडलं तरी खालून येत राहतं. पण याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा माळावर वाचता येते. प. म. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशभर फिरून १९७३ मध्ये भारतातल्या गवताळ प्रदेशांचे पाच मोठे प्रकार मांडले. दख्खनचा माळ त्यातल्या पवन्या-मारवेलाच्या प्रकारात येतो. पवन्या गुरांना फार आवडतो, म्हणून चराई वाढली की आधी तोच जातो. मग कुसळी माजते. तीही तुडवली गेली की कमी उंचीची, वर्षभरात मरणारी, जनावरं तोंड न लावणारी गवतं येतात. पवन्या भरपूर असलेला माळ कोणीतरी राखलेला असतो. आपले सरकारी नकाशे मात्र राखलेल्या आणि चरून संपलेल्या दोन्ही माळांना एकच शब्द वापरतात, पडीक. मग तिथे खड्डे खणून झाडं लावली जातात, आणि माळढोक, लांडगे, चिंकारा यांचं घर हिरवाईच्या नावाखाली बुजवलं जातं. माळाला झाडांची उणीव आहे ही समजूत मला तरी पटत नाही.

माळावर काही लावायचंच असेल तर गवत लावावं, आणि त्यासाठी जमीन आधी पाहावी. खोल काळ्या मातीत मारवेल, मुरमाड उतारावर डोंगरी आणि पवन्या, कोरड्या हलक्या रानात अंजन. बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कणीस हाताला सुटायला लागलं की गोळा करावं. ताजं बी लगेच उगवत नाही. ते उन्हाळाभर सुप्त राहतं, कारण अवकाळी सरीला फसून उगवलं तर मे महिन्यात मरेल. म्हणून पुढच्या पावसापर्यंत ते कोरड्या जागी ठेवायचं. हे बी हलकं आणि केसाळ असल्यानं फेकलं की वाऱ्यावर जातं. माती-शेणात कालवून त्याच्या गोळ्या कराव्यात किंवा ओल्या मातीत मिसळून पेरावं, आणि वर माती अगदी नावाला टाकावी. मारवेलाचे ठोंब मिळाले तर तेच बरे. पावसानं जमीन भिजली की दीड-दोन फुटांवर लावत जायचं. पहिल्या वर्षी जनावर आत सोडायचं नाही, तण उपटत राहायचं. दुसऱ्या वर्षापासून चाऱ्यासाठी फुलोऱ्यावर कापावं, कुसळं धरायच्या आत, आणि एक पट्टा बियाण्यासाठी न कापता सोडावा.